पावण्यासाठी थंड ठेवलेली भट्टी

पाहुण्याला विझलेली भट्टी दाखवणारा कारखानदार साऱ्या मुलखात एकच निघाला आणि तो नेमका आपल्याच घरात निघाला, असं दस्तगीर शिकलगार त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटला होता. थोरल्या भावाविषयी इतकं बोलायची त्याची आजवर छाती झाली नव्हती. पण या खेपेला राग पोटात मावत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं चुकतही नव्हतं.

झालं होतं असं. शिरोलीच्या एमआयडीसीत दोघा भावांचा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामाचा कारखाना. आजा तलवारींना धार लावायचा, बाप ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, आणि पोरांनी भट्टी घातली. थोरला इलाही भट्टी सांभाळायचा, धाकटा दस्तगीर ऑफिस आणि गिऱ्हाइकं. ईद होऊन चार दिवस झाले असतील नसतील, एका मोठ्या ट्रॅक्टर कंपनीनं काम द्यायची तयारी दाखवली. अट एकच, विजेवर चालणारी नवी भट्टी बसवा. तेवढा पैसा शिकलगारांच्या दोन्ही घरांत मिळूनही नव्हता. तेव्हा दस्तगीरनं ठरवलं की शेअर काढायचे आणि लोकांच्या पैशावर कारखाना मोठा करायचा. असले शेअर बाजारात आणून देणारी एक लहानशी पेढी शाहूपुरीत होती, शिरगुप्पे साहेबांची. ते हो म्हणाले तरच पुढचं सगळं, नाहीतर ट्रॅक्टरवाले दुसरीकडं जाणार. साहेब बुधवारी कारखाना बघायला येणार असं ठरलं, आणि इलाहीनं त्याच दिवशी कारखान्याला सुट्टी देऊन टाकली.

"पावणा दारात येणार आनि आपण घामाघूम हून राबत बसायचं व्हय?" तो म्हणाला. "त्येला धुरात उभा करायचा? रीत हाय का ही?"

कोल्हापूरच्या माणसाला पाहुणचाराचं कारण सांगितलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही, ही आमची खोड जुनीच आहे. शेडला चुना लागला, अंगणात सडा पडला, दाराला आंब्याचे डहाळे बांधले. हेडमिस्त्री ज्ञानू फेटा बांधून आला. कामगार इस्त्रीचे सदरे घालून ओळीनं उभे राहिले आणि करायला काहीच नसल्यामुळं एकमेकांकडं बघून हसत राहिले. शिरगुप्पे साहेब जैन, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली होती आणि नवी कोरी स्टीलची भांडी आणली होती. साहेबांनी भट्टीच्या गार अंगावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि कौतुकानं सगळीकडं बघत जेवायला बसले. बीड कसं वितळतं, रसाचा रंग बघून ओत कसा सोडतात, यातलं काहीही न बघता पोटभर जेवून ते परत गेले.

दस्तगीर त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

*

त्याच मोटारीत मागच्या सीटवर दस्तगीरची मुलगी नजीरा बसली होती. ती त्या उन्हाळ्यात शिरगुप्प्यांच्या पेढीतच ट्रेनिंगला होती.

व्यवस्थापनाच्या कोर्सला दोन महिने कुठल्यातरी ऑफिसात काढायची सक्ती होती. वर्गातली मुलं कोण वारणानगरला गेली, कोण बिद्रीच्या साखर कारखान्यात. मोठाली ऑफिसं, कॅन्टीनचा चहा, राहायला क्वार्टर. नजीरानं मात्र टायरच्या दुकानावरचा हा जिना निवडला. तीन टेबलं, एक टाइपरायटर, आणि खालून येणारा रबराचा वास. पगार नाही, बसचं भाडं तेवढं मिळायचं. पहिल्या दिवशी तिला छापखान्यात प्रुफं वाचायला पाठवलं तेव्हा तिला वाटलं, फसलो आपण.

मग साहेब तिला मोटारीत घालून कारखाने दाखवायला लागले. त्यांची पद्धत चमत्कारिक होती. ते आधी कामगारांचा पाण्याचा नळ बघायचे. मग मालकाच्या खोलीत बसून चहा अर्धा प्यायचे आणि एक प्रश्न विचारायचे. "उद्यापासून तुम्ही आला नाहीत, तर हा कारखाना कसा चालेल?" इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला हे ऐकून खुर्चीतून उठलाच. दुसरा एक इतका हसला की त्याला ठसका लागला. परतताना साहेब म्हणाले, "हसतो त्याच्यापासून जपून राहायचं. त्यानं कधी विचारच केलेला नसतो." नजीराला हा धंदा म्हणजे आकडेमोड वाटली होती. आकडे तर होतेच, पण ते टाइप करायच्या आधी साहेब माणसं वाचायचे, आणि तिला ते मनापासून आवडायला लागलं होतं.

आता तिच्याच घरचा कारखाना बघून ते परत येत होते. शिरोलीचा फाटा मागे पडला. पुलावर साहेब म्हणाले, "भेटीचा अहवाल तुम्ही लिहायचा."

"माझ्या घरचा, सर?"

"म्हणूनच. परक्यासारखं लिहिता येतंय का बघा. नाही जमलं तर तसं सांगा, मी लिहीन. त्यात कमीपणा काही नाही. आणि तो प्रश्न मी आज विचारला नाही. इतकं प्रेमानं वाढल्यावर विचारवेना. तो तुम्ही विचारा."

"आणि भट्टी थंड का होती, म्हणून लिहू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पाहुणचार, सर. आमच्याकडं तसंच असतं."

"असेल. मीही इथलाच आहे," साहेब म्हणाले. "तरी विचारा. सोमवारी द्या."

नजीरा खिडकीबाहेर बघत राहिली. तिला जेवणाची पंगत आठवत होती. बडेअब्बा, म्हणजे तिचे थोरले चुलते इलाही, हट्टानं स्वतः वाढायला उठले होते. साहेबांच्या ताटाशी येऊन त्यांनी पळी घातली ती मटणाच्या काळ्या डेगचीत. चुलतीनं, बडीअम्मानं, धावत येऊन त्यांचं मनगट धरलं म्हणून बरं. सगळे हसले, बडेअब्बाही हसले. साहेबांची भाजी शेजारच्याच चकचकीत स्टीलच्या पातेल्यात होती. तेव्हा नजीरा हसली नव्हती, आणि आपण का हसलो नाही ते तिला पुलावर आल्यावर कळलं.

*

रविवारी इलाहीच्या सदर बाजारातल्या घरी दोन्ही घरांचं जेवण होतं. शेअरचं काय ते आज ठरवायचं, असा दस्तगीरचा निरोप होता. निरोप ऐकूनच लालबीनं ओळखलं की आज भांडण होणार, आणि तिनं दोन नारळ जास्तीचे खवले. भांडणाच्या दिवशी या घरातली माणसं जास्त जेवतात, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव.

लालबी इलाहीची बायको. तिला मूलबाळ नाही. नजीराची आई बाळंतपणानंतर उठलीच नाही, तेव्हा पोर उचलून लालबीनं स्वतःच्या कुशीत घेतली ती कायमची. नजीरा आली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. ऑफिसात "मी येते, मी जाते" करणारी ही मुलगी उंबरा ओलांडला की पुन्हा घरच्या बायकांसारखी "मी येतो, मी जातो" बोलायला लागायची.

"बडीअम्मा, एक इचारतो. खरं सांगशील?"

"मी खोटं कवा बोललो तुझ्याशी?"

"बुधवारी बडेअब्बा साहेबांस्नी मटणाचा रस्सा वाढाय निघालते."

"गर्दीत चुकलं आसंल."

"एक डेगची काळीकुट्ट, एक पातेलं नवं कोरं, उन्हात लखलख करतंय. त्यात चुकायजोगं काय हाय?"

लालबीनं पांढऱ्या रश्शाखालचा जाळ कमी केला. तिची पाठ नजीराकडं होती आणि ती तशीच राहिली.

"किती दिसतंय त्यांस्नी?" नजीरानं विचारलं.

"माणूस दिसतंय. तोंड न्हाय दिसत. आवाजावरनं वळखत्यात," लालबी म्हणाली. "मागल्या हिवाळ्यात मिरजंला नेलतो मी. तुझ्या बाला सांगितलं, माझे गुडघे दाखवाय गेलतो. डॉक्टर म्हणाला, जाळाकडं बघून बघून आतला पडदा गेलाय. गेलेलं परत येत न्हाय, ऱ्हायलंय ते तरी जपा, भट्टीकडं बघू नका. दुसऱ्या दिवशी हे भट्टीवर हजर. मला शपथ घातली."

"मग ओताचा रंग कोण बघतंय?"

"कुणी न्हाय बघत. अंदाज. झळ अंगाला लागती त्येवरनं, आवाजावरनं. कवा जमतंय, कवा न्हाय जमत." ती वळली. "पावणा म्होरं उभा आसताना जमलं न्हाय तर? म्हणून सुट्टी. आता तू मला सांग, तू काय करणार हाईस?"

"मला उद्या लिहून द्यायचं हाय."

"मग लिव की, पावणचार म्हणून भट्टी बंद ठेवलती. सगळं जग मानंल. तुझ्या साहेबानं बी मानलंय." लालबी तिच्यासमोर बसली आणि तिचा हात हातात घेतला. "आयुष्यात एकच गोष्ट मागतो तुझ्याकडं. तुझ्या बाला कळलं तर तो उद्या ह्यांस्नी भट्टीवरनं उतरवंल. आनि ते उतरलं की माणूस ऱ्हात न्हाय. घरात बसून मरत्यात ते."

नजीराला रडू येत होतं. लिहायला ते इतकं सोपं होतं. एक वाक्य, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण मागच्या महिन्यात एका कंपनीच्या शेअरचे अर्ज लावताना तिनं नावं वाचली होती. वारणानगरची एक मास्तरीणबाई, एक पेन्शनीतला पोस्टमन, विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा. ही माणसं कारखाना बघायला येत नाहीत. बघणाऱ्यानं जे लिहिलं त्यावर ती भरवसा ठेवतात. आणि घरातलं सांगायचं तर, वितळलेलं बीड अंदाजानं ओतणारा माणूस एक दिवस अंदाजानंच पाय टाकणार, हे तिला दिसत होतं.

"ताटं घेऊया," ती म्हणाली. तिनं हो म्हटलं नाही हे लालबीच्या लक्षात आलं.

*

दस्तगीरनं पहिला घास पोटात जाईपर्यंत दम धरला. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

"भाई, मी सरळच बोलतो. साहेबास्नी पुन्हा बोलावणार हाय. भट्टी पेटलेली पायजे."

"ओत परक्याला दाखवायचा न्हाय," इलाही म्हणाला. तो ताटावर वाकून, बोटांनी भाकरीची कड शोधत जेवत होता. "आब्बा दाखवत न्हवतं."

"आब्बाची भट्टीच कुठं हुती? इंजिनं दुरुस्त करत हुतं ते! काय बी त्यांच्या नावावर खपवतोस."

"दस्तगीर, जेव आधी," लालबी म्हणाली.

"न्हाय भाबी, आज बोलू दे. वरीसभर बघतोय. निम्मा माल परत येतोय. भोकं पडलेला, अर्धवट भरलेला. मी कोळसा देणारा कोकवाला बदलला. मग वाळू बदलली. ज्ञानूला सगळ्यांच्या म्होरं उभा करून नको ते बोललो, म्हातारा रडला माझ्यासमोर. तरी माल परत येतोयच. आता नवी भट्टी आली तर हे सगळं सुटंल, आनि ह्येला ती नको हाय. का? तर ह्येचा मान जाईल!" दस्तगीरनं हात ताटात झटकला. "मग वाटणी करूया. तू तुझी जुनी भट्टी घे आनि बस फुंकत."

वाटणी हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. स्वतः दस्तगीरही त्यानं दचकला. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून रंकाळा बघितला त्याच्याशी आपण वाटणी बोलतोय, हे त्याला तोंडातून गेल्यावर कळलं. पण मागं घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं आधारासाठी मुलीकडं बघितलं. ही शिकलेली, ही आपल्या बाजूची.

"नजीरा, सांग तुझ्या बडेअब्बास्नी. तुमच्या हापिसात काय म्हणत्यात?"

नजीरानं हात धुतले. ती इलाहीच्या समोर येऊन बसली, इतकी जवळ की त्याला तिचा चेहरा दिसावा.

"आमच्या ऑफिसात मालकाला एक प्रश्न इचारत्यात, बडेअब्बा. उद्यापासून तुम्ही आला न्हाय, तर कारखाना कसा चालंल?"

"नजीरा!" दस्तगीर ओरडला. "थोरल्या माणसाला मरणाचं इचारतीस? जेवताना? हेच शिकवत्यात तिथं? उठ, पाया पड त्यांच्या!"

आत्ता वाटणी मागणारा माणूस भावाच्या मरणाचं नाव निघताच मुलीवर धावून गेला होता. लालबीला एवढ्या ताणातही हसू आलं आणि तिनं ते पदराआड लपवलं.

इलाही मात्र रागावला नाही. त्यानं बोटं चाटली, पाण्याचा तांब्या चाचपून उचलला, प्यायला आणि खाली ठेवला. मग विचारलं, "लालबी, सांगितलंस हिला?"

"न्हाय. तिनं आपसूक बघितलं. घरात बघणारं कुणीतरी हाय म्हणायचं."

"काय बघितलं?" दस्तगीर म्हणाला. "काय चाललंय काय?"

दस्तगीरनं भावाकडं बघितलं, आणि बहुतेक त्या वर्षात पहिल्यांदाच नीट बघितलं. इलाहीचे डोळे त्याच्या आवाजाच्या दिशेनं होते, त्याच्या डोळ्यांत नव्हते. ताटाभोवती भाकरीचे तुकडे सांडले होते. तांबडा रस्सा वाटीत तसाच होता आणि वाटीशेजारी सतरंजीवर चार ओघळ गेले होते. भाबीचे गुडघे. मिरज. परत आलेला माल. सगळं एकदम जागेवर बसलं आणि दस्तगीरला आपल्या ताटातलं दिसेनासं झालं.

"मी ज्ञानूला बोललो," तो म्हणाला. "तू तिथं उभा हुतास. तुला ठावं हुतं चूक कुणाची ती. गप ऱ्हायलास."

"ऱ्हायलो," इलाही म्हणाला.

"का, भाई? मला सांगायचं न्हाईस?"

"सांगून? तू काय केलं असतंस? हाताला धरून घरी आणून बसवलं असतंस."

"मला शिकवायचं हुतंस मग! आज माझ्या निम्म्या केसांचा रंग गेला, मला ओताचा रंग कळत न्हाय. कारखान्याचा मालक म्हणवतो मी!"

"तू कवा उभा ऱ्हायलास तिथं? पांढरी कापडं घालून यायचास, दारातनंच इचारायचास, किती झालं म्हणून." मग इलाहीचा आवाज खाली आला. "आनि ते सांगून येत न्हाय. मी जिथं शिकलो त्या मिस्त्रीनं माझी मान मागनं धरली, ती सोडलीच न्हाय. तोंड भाजायचं, पाणी यायचं डोळ्यांतनं, मान वळवू द्यायचा न्हाय. बघ म्हणायचा. तसा शिकलो. तुझी मान धरायची माझ्या जिवावर आली, दस्तू. आई गेली तवा तू एवढासा हुतास. माझ्या पोटाला मिठी मारून झोपायचास. म्हणलं, एकानं भाजून घेतलंय, पुरं हाय. ह्येला सावलीत ठेवायचा."

दस्तगीरनं मान खाली घातली आणि तो रडला. लालबी उठून आत गेली, कारण दीर रडताना तिनं कधी बघितला नव्हता आणि तिला बघायचा नव्हता.

इलाही नजीराकडं वळून म्हणाला, "पोरी, काय लिवणार हाईस?"

"कारखाना तुमच्याबिगर चालंल का, तर न्हाय," नजीरा म्हणाली. "आनि तुम्हाला आता दिसत न्हाय."

"असं लिवलं तर तुझा साहेब शेअर काढंल?"

"न्हाय काढणार."

"ट्रॅक्टरवाल्याचं काम?"

"जाईल."

इलाहीनं तोंड दस्तगीरकडं केलं. स्वप्न त्याचं होतं, तेव्हा उत्तरही त्यानंच द्यायचं होतं. दस्तगीरनं बाहीनं तोंड पुसलं. त्याच्या डोळ्यांपुढं नव्या शेडचा नकाशा होता, जो त्यानं कितीदा तरी घडी घालून पुन्हा उलगडला होता.

"खरं हाय ते लिव," तो म्हणाला. "लोकांच्या पैशात आमच्या घरचं आंधळं नको."

आंधळं हा शब्द त्यानं उच्चारला, आणि इलाहीनं फक्त मान डोलावली.

"आनि त्या पावण्याला बुधवारी बोलाव," इलाही म्हणाला. "शेअर बिअर ऱ्हाऊ दे. गेल्या खेपंला उपाशी गेला तो."

"उपाशी?" लालबी आतून ओरडली. "चार भाकऱ्या खाल्ल्या!"

"ओत न्हाय बघितला त्येनं. उपाशीच की मग."

*

सोमवारी शिरगुप्पे साहेबांनी अहवाल उभ्यानं वाचला. मग बसून पुन्हा वाचला. "यंदा हे काम आपल्याला घेता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही घरी सांगाल, की मी सांगू?"

"मी सांगतो," नजीरा म्हणाली, आणि ऑफिसात आपण घरच्यासारखं बोललो हे तिच्या लक्षात आलं. साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"एक विचारू, सर? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"नाही. भट्टी थंड होती एवढंच कळलं होतं. बाकीचं घरच्या माणसालाच दिसतं, पण घरचा माणूस लिहीत नाही." त्यांनी कागद टाचणीनं एकत्र लावले. "तुमच्या कोर्सला मला शेरा द्यावा लागतो ना? तो मी बुधवारनंतर लिहीन. ओत बघायला यायचंय मला. माझ्यासाठी वेगळी भाजी मात्र करू नका म्हणावं, नुसती भाकरी-चटणी पुरे."

"ते तुम्हीच सांगा बडीअम्माला," नजीरा म्हणाली. "माझं ऐकणार नाहीत त्या."

*

इलाहीला भट्टीचा उजेड आता एका पिवळट डागासारखा दिसायचा, आणि डागाला कड नसायची. पण बाकीचं सगळं जागेवर होतं. कोकचा वास, पंख्याची घरघर, आणि बीड वितळायला लागलं की छातीला लागणारी ती ओळखीची झळ. पाहुणा डावीकडं उभा होता, नजीरा त्याच्या शेजारी. समोर लॅडल, रस झेलायचं लांब दांड्याचं पात्र, धरून ज्ञानू. त्या म्हाताऱ्याला सकाळी इलाहीनं सगळ्या कामगारांच्या देखत हात जोडले होते, आणि ज्ञानूनं ते जोडलेले हात धरून खाली केले होते.

"दस्तगीर कुठाय?"

"हितं हाय की, भाई."

"पांढरी कापडं घालून आलाईस?"

"खाकी घातलीया. ज्ञानूची हाय, दंडात बसत न्हाय."

कामगार हसले. इलाहीनं हात पुढं केला, भावाचा खांदा सापडला, खांद्यावरून मान. मान आता जाड झाली होती, घाम आलेला. त्यानं ती मागून घट्ट धरली, आणि साऱ्या कारखान्यासमोर, पाहुण्यासमोर, कारखान्याच्या मालकाला शाळेतल्या पोरासारखा भट्टीसमोर उभा केला.

"बघ."

"लई झळ लागतीया, भाई."

"लागू दे. कसा दिसतोय?"

"तांबूस."

"कसला तांबूस?"

"भाबीच्या रश्शावरल्या तेलागत."

"मग गार हाय अजून. त्यो ओतलास की भोकं पडलेला माल. वरीसभर मी तसलाच ओतलाय. थांब."

पंखा घरघरत राहिला. इलाहीच्या हाताखाली मान वळायला बघत होती, त्यानं वळू दिली नाही. दस्तगीरच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आलं.

"आता?"

"पिवळा. केळ्यागत."

"थांब."

"आता फिक्का व्हायला लागलाय. कड पांढरी दिसतीया."

आजवर याच क्षणी इलाही ओरडत आला होता. आज ओरडायला त्याच्याकडं काही नव्हतं. आता झाला की अजून जरा थांबायचं, हे त्याला खरोखरच सांगता येत नव्हतं, आणि सगळे त्याच्याच तोंडाकडं बघत असणार हे त्याला न बघता कळत होतं. शेजारी पाहुणा श्वास रोखून उभा होता. इलाहीनं ओठ मिटून घेतले.

हाताखालची मान ताठ झाली.

"ज्ञानू, सोड!" दस्तगीर ओरडला. "आता! सोड!"

भट्टीचं तोंड मोकळं झालं. रस लॅडलमध्ये उतरल्याचा आवाज आला, मग पावलं, मग साच्यात भरत जाणारं बीड. इलाहीनं कान दिला. आवाज अडखळला नाही, शेवटपर्यंत एकसारखा गेला. माल कसा निघाला हे उद्या साचा फोडल्यावर कळणार होतं. त्यानं भावाच्या मानेवरचा हात काढून घेतला आणि आपल्याच सदऱ्याला पुसला.

दस्तगीरनं मागं वळून बघितलं नाही. तो अजून भट्टीकडंच बघत होता. "ज्ञानू, दुसरं लॅडल आण," तो म्हणाला. "रंग हाय तोवर आण."

आता हाताचं काय करायचं ते इलाहीला समजेना. एवढ्यात नजीरानं तो धरला.

"चला पावणं," इलाही डावीकडं तोंड करून म्हणाला, "आपण जेवून घेऊ. मालकाला येळ लागंल."